याकोब पेंटरचं तिरकं अक्षर

आमचे हे, याकोब पेंटर. बेलापुरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या ह्यांच्या हातच्या. एकेक अक्षर सुटं आन् आपापल्या तऱ्हेनं कललेलं, वरातीत नाचल्यावानी. कुणी म्हटलं, "पेंटर, सरळ काढा की!" तर हे म्हणायचे, "सरळ पायजे तर दुसरा पेंटर बघा." तोंड असं फटकळ! गिऱ्हाईक टिकायचं ते हातामुळं.

आन् तोच हात कापायला लागला. ब्रश सुटला. माणूस खुर्चीत बसून माझ्या सैपाकाला नावं ठेवायला लागला. जीव नकोसा केला हुता माझा!

त्यात ह्यांचे जुने दोस्त, श्रीमंतभाऊ, चहाचं हाटेल काढणार हुते. "पाटी तुझीच पायजे," म्हणाले. हे फुशारकीत व्हय म्हणून बसले आन् घरी येऊन तोंड पाडलं. ही पाटी जमली न्हाई तर पेंटर म्हणून आपण संपलो, असं मनाला लावून घेतलं.

आमची सिल्व्हिया घरी बसून एका कंपनीसाठी बॅनर बनवायचं ॲप तयार करती. ती म्हणाली, "पप्पा, ह्यात करा. अक्षरावर दोन बोटं ठेवून वळवली की अक्षर फिरतं." ह्यांनी बोटं ठेवली. हात थरथरला तसं अक्षरबी थरथरायला लागलं. ह्यांनी मोबाईल पलंगावर आपटला.

पोरगी बापावर गेलीय, हट्टी. तिनं असं केलं, की बोटांची बारीक हालचाल ॲपनं धरायचीच न्हाई; बोटं चांगली वळली तरच अक्षर वळायचं. शिवाय अक्षर उभं व्हायला आलं की आपोआप सरळ बसायचं. थरथर गेली. मी म्हटलं, सुटले बाई!

कुठलं काय! हे अक्षर जरासं कलवायला जायचे आन् ते टुणकन सरळ.

"हे मला शिकवतंय व्हय?" ह्यांचा आवाज गल्लीभर. "माझा कंप काढ, माझं तिरकं काढू नको!"

"पप्पा, लोकांना सरळच लागतं!"

"मग लोकांना दे. मला नको."

दोघांच्या मधी मी, लाटणं घेऊन. म्हटलं, "सिल्व्हिया, चाळीस वर्षांत तुझा बाप माझ्याशी सरळ बोलला न्हाई, अक्षर कुठनं सरळ काढंल?"

तिला हसू फुटलं. मग तिनं एक बटण दिलं. ते दाबलं की आपोआप सरळ व्हायचं बंद. थरथर मात्र गाळलेलीच. हे दिवसभर एकेक अक्षर फिरवत बसले. जेवायला हाका मारून माझा घसा बसला, पण राग आला न्हाई. लई दिवसांनी माझा नवरा मला दिसला.

छापलेली पाटी हाटेलावर चढली. हे माझ्या मागं उभे, हात खिशात. श्रीमंतभाऊंना मोबाईलचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी वर बघितलं आन् ओरडले, "याकोब, आरं, हात बरा झाला व्हय तुझा?"

ह्यांनी खिशातला हात काढून दाखवला. चांगला थरथरत हुता. 

श्रीमंतभाऊ त्या हाताकडं बघत राहिले. परत पाटीकडं बघितलं. मग तो हात धरून ह्यांना आत ओढत म्हणाले, "चल, आतली भिंत रिकामी हाय. तिथं काय लिहायचं, तूच ठरव."