बरणीतली वायर

ऑड्री पेंगिलीच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक काळा डबा होता. विटेएवढा. त्याच्या तोंडावर एक लाल ठिपका दिवसभर इकडून तिकडे पळत असायचा. तो तिचा स्कॅनर. आग विझवणाऱ्या ब्रिगेडच्या गाड्या, पोलीस, अँब्युलन्स, जे कोणी वायरलेसवर बोलेल ते तो पकडायचा आणि किटलीच्या शेजारी ओकायचा. फक्त ऐकायचं, उलट बोलायची सोय नाही. आमच्या विराबिला गावात असे डबे आणखी दोनतीन घरांत होते, पण ते कपाटावर धूळ खात पडलेले. ऑड्रीचा मात्र सकाळी डोळे उघडल्यापासून चालू.

नवरा क्लेम आगीच्या ब्रिगेडमध्ये होता म्हणून तिनं तो आणला. ब्रिगेड म्हणजे कोण, तर गावातलेच शेतकरी, गॅरेजवाला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. भोंगा वाजला की पुढ्यातलं ताट सोडून पळायचं. आणि मागे बाईनं काय करायचं? खिडकीतून धूर बघत बसायचं. ऑड्री म्हणाली, मला नाही जमणार ते. तेव्हापासून धुराच्या आतून क्लेमचा तो नेहमीचा खोकला डब्यातून ऐकू आला की ती परत बटाटे सोलायला लागायची.

डब्याला जपायचं कसं हे क्लेमनंच शिकवलं. एका गोल बटणानं खरखर दाबायची असते. कमी दाबलं तर दिवसभर डोकं उठतं, जास्त दाबलं तर लांबचा बारीक आवाज गिळला जातो, म्हणून खरखर जिथं नुकती थांबते तिथंच बोट थांबवायचं. छपरावरच्या अँटेनाची वायर पांढरे काकाकुवे कुरतडून खायचे, तर क्लेमनं ती बागेच्या जुन्या रबरी पाइपातून खाली आणली. बसा आता चोची घासत. आणि सगळ्यात मोठा नियम विजेचा. पहिला डबा विजेनं जळाला होता, वायरमधून वीज थेट आत आली आणि फ्रिजवर नुसता काळा डाग उरला. त्यामुळे आभाळ गुरगुरलं की वायर डब्यातून उपटायची आणि तिचं टोक काचेच्या बरणीत टाकायचं. जर्दाळूच्या मुरांब्याची रिकामी बरणी त्यासाठी खिडकीत कायमची ठेवलेली. काचेतून वीज बाहेर येत नाही म्हणे. खरं खोटं क्लेमला माहीत.

क्लेम गेला. छातीत इतक्या वर्षांचा धूर साठलेला, दुसरं काय होणार. लोकांना वाटलं आता ती डबा काढून टाकेल. कसला काढते. तोच तर घरात बोलणारा उरला होता.

गावात तिला नावं ठेवायचे. पबमध्ये तर ठरलेलं वाक्य होतं, बायकोला सांगितलंस तरी चालेल पण ऑड्रीच्या डब्यासमोर शिंकू नकोस. कुणी तिला कानवाली म्हणायचं. आणि हीच माणसं, उन्हाळ्यात उत्तरेचा गरम वारा सुटला, आग पेटवायला बंदीचा दिवस जाहीर झाला की एकामागून एक फोन. ऑड्री, काही आहे का गं? ऑड्री, तो धूर कुठला? ऑड्री, मी कापणीची मशीन घेऊन शेतात जाऊ ना, ठिणगी उडायची नाही ना? आणि ही प्रत्येकाला नीट सांगायची. कुणाचा धूर, कुठली गाडी निघाली, वारा कुठे चाललाय. कधी एका शब्दानं म्हणाली नाही, की बाबांनो, काल तर हसत होता ना.

बरं, नुसते गावकरीच नाहीत. ब्रिगेडचा कॅप्टन गॅव्हिन नॉल, क्लेमच्याच हाताखाली शिकलेला पोरगा, त्यानं तर वेगळीच पद्धत पाडली. कुणाच्या शेताकडे आग वळली की त्या घरी फोन करायचा असतो. ते काम, फोनच्या यादीसकट, ब्रिगेडच्या एका माणसाकडे होतं, पण तो माणूस गाव सोडून गेला आणि त्याच्या जागी कुणालाच घेतलं नाही. कशाला घेतील? गॅव्हिन गाडीतूनच वायरलेसवर बोलायचा, "ऑड्री, ऐकतेयस ना? पलीकडच्या घरी सांग, गुरं हलवा म्हणावं." आणि ऑड्री फोन फिरवायची. ती उलट बोलू शकत नव्हती, पण त्याची गरजच पडत नव्हती. ती ऐकतेय हे गॅव्हिनला पक्कं माहीत. सगळ्यांनाच माहीत. हवेत नाव घ्यायचं आणि काम झालं समजायचं.

पहिल्यांदा त्यानं तसं नाव घेतलं तेव्हा ती क्लेमच्या फोटोसमोर जाऊन म्हणाली होती, ऐकलंस का, आता मी पण ब्रिगेडमध्ये. वेडी बाई.

मग तो जानेवारीतला, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातला दिवस. सकाळपासून हवा अशी की दाराच्या मुठीला हात लावावा तर चटका. दुपारी पश्चिमेकडून ढग आले, काळेकुट्ट, कोरडे, आत थेंब नाही. गडगड सुरू झाली. ऑड्रीनं वायर उपटली, टोक बरणीत टाकलं आणि खिडकीतून लांबवर पडणाऱ्या विजा बघत उभी राहिली.

अर्ध्या तासात ढग निघून गेले. ती वायर परत लावायला उठली, बरणीला हातसुद्धा लागला होता, आणि फोन वाजला. पोस्टातली बाई, काही आहे का गं? ठेवला तर दुसरा. तो ठेवला तर तिसरा. विजा झाल्या म्हणजे सगळ्या गावाचा जीव टांगणीला, आणि जीव टांगायची खुंटी म्हणजे ऑड्रीचा फोन. ती प्रत्येकाला फ्रिजकडे बघून सांगत होती, शांत आहे, अजून कुणी बोललं नाही. लाल ठिपका पळत होता. डबा चालू होता. खरखर बरोब्बर दाबलेली, त्यामुळे कुणी बोलत नसल्याची शांतता आणि वायर नसलेल्या डब्याची शांतता, दोन्ही अगदी सारख्या.

चौथा की पाचवा फोन कॉलिन शुल्ट्झचा. टेकडीपलीकडे त्याचं शेत, मेंढ्या, लोकर कातरायची त्याच्या बापाच्या हातची जुनी शेड. बायको हेदर शहरात दवाखान्यात होती, दुसरं ऑपरेशन, आणि दुपारी भेटायची वेळ होती. कॉलिन असा माणूस की अशा हवेत शेत सोडून जाणं त्याच्या जिवावर यायचं.

"ऑड्री, तू म्हणालीस तर जातो," तो म्हणाला. "नाहीतर थांबतो. हेदर रागावेल, रागावू दे."

ऑड्रीनं फ्रिजकडे पाहिलं. ठिपका पळत होता.

"जा रे," ती म्हणाली. "सोमवारच्या चर्चसारखं शांत आहे. तिला माझा नमस्कार सांग."

तो गेला. कुत्रा टिप साखळीला बांधून गेला, कारण मोकळा सोडला की तो गाडीमागे हमरस्त्यापर्यंत धावायचा.

टेकडीमागच्या झाडीत एका सुकलेल्या निलगिरीवर वीज पडली होती. ते खोड आतल्या आत धुमसत राहिलं आणि मग वाऱ्यानं उचल खाल्ली. भोंगा वाजला तेव्हा ऑड्री दचकली. भोंगा वाजतोय आणि डबा गप्प, असं कसं? तिनं डब्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. आणि बरणी दिसली.

वायर लावायला गेली तर टोक भोकात जाईना. लागलं तेव्हा डबा एकदम ओरडायला लागला, चारपाच माणसं एकावर एक, पाणी संपलं, मागे फिरा, शेड गेली, शेड गेली. तिनं कॉलिनच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. तिनं परत लावला. रिकाम्या घरात वाजतोय हे माहीत असून ती लावत राहिली. घर कसंबसं वाचलं. मेंढ्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकावर एक सापडल्या. टिप साखळी जिथपर्यंत पुरते तिथपर्यंत गेला होता.

पुढच्या आठवड्यात गावच्या हॉलमध्ये सभा झाली. बायकांनी सँडविच आणले, केक आणले, चहाचं मोठं पिंप मांडलं. आमच्याकडे घर जळो की माणूस मरो, केक येतोच. शहरातल्या मुख्य ऑफिसातून एक ऑफिसर बाई आली होती, तिच्याकडे त्या दिवसाच्या वायरलेसची टेप होती. तिनं ती लावली. हॉलमध्ये गॅव्हिनचा आवाज आला, धापा टाकत: "ऑड्री, ऐकतेयस ना? कॉलिनला सांग, मेंढ्या नांगरटीत हाक. कुत्रा सोड म्हणावं."

बाईनं टेप थांबवली. विचारलं, "ही ऑड्री कोण? ब्रिगेडच्या यादीत तर हे नाव नाही."

सगळ्यांच्या मुंड्या खाली. रोज फोन करणारी पोस्टातली बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. ऑड्री तिसऱ्या रांगेत, निळ्या कोटात, गॅव्हिनकडे बघत होती. एवढंच हवं होतं तिला. त्यानं म्हणावं, आमची आहे ती.

गॅव्हिननं मान खाजवली. "अशीच... गावातली एक बाई आहे," तो म्हणाला. "तिला ऐकायची हौस आहे. ब्रिगेडचा काही संबंध नाही."

करून सवरून नामानिराळा. क्लेमनं ज्याला नळी धरायला शिकवली तो हा.

ऑड्री उठून उभी राहिली. तिला बोलता आलं असतं की हौस असेल तर नावानं हाका कशाला मारत होतास रे. पण तिला कॉलिन दिसला, मागे दाराला टेकून उभा. मग ती एवढंच म्हणाली, "विजेसाठी मी वायर काढली होती. परत लावायला विसरले." आणि बसली.

अख्ख्या हॉलनं श्वास सोडला, अगदी ऐकू आला. फास अडकवायला मिळाली ना एक मान, झालं तर. फोनची यादी कुणी मोडली, तिची जागा का भरली नाही, सगळं त्या एका श्वासात वाहून गेलं. ऑफिसर बाईनं लिहून घेतलं की यापुढे वायरलेसवर बाहेरच्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. मग लोकांनी केक खाल्ला.

ऑड्री कॉलिनकडे गेली. फळांचा केक घेऊनच गेली, दुसरं काय येतं आपल्याला. तो जाळीच्या दाराआड उभा राहिला, दार उघडलं नाही. अंगणात साखळी तशीच पडलेली.

"तू म्हणालीस, चर्चसारखं शांत आहे," कॉलिन म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"डबा चालू होता रे कॉलिन."

"मी डब्याला नव्हतं विचारलं, ऑड्री. तुला विचारलं होतं."

ती केक पायरीवर ठेवून परत आली. हिवाळ्यात कॉलिननं शेत विकलं आणि दोघं शहरात राहायला गेली.

त्या वर्षात ऑड्रीचा फोन वाजला नाही. दुकानात गेली की गप्पा थांबायच्या, आणि गप्पा थांबल्या की ती पाव न घेताच निघायची. तरी सकाळी उठून डबा लावायचीच. आता वादळ आलं तरी ती वायर काढत नव्हती. जळला तर जळू दे.

दुसरा उन्हाळा आला. एका दुपारी, वारा उत्तरेचा, डब्यात गॅव्हिनचा आवाज. गहू कापायच्या मशीनची ठिणगी उडून आग लागली होती आणि ती थेट गावाच्या वरच्या अंगाला निघाली होती, त्याच्या स्वतःच्या घराकडे. घरी बायको टॅमी आणि अंथरुणाला खिळलेली आई. फोनच्या यादीवर नवा माणूस नेमला होता ना, तो गॅव्हिनच्याच गाडीत मागे नळी धरून उभा. ऑड्री किटली हातात घेऊन ऐकत होती. गॅव्हिन बोलता बोलता अडखळला. नाव घ्यायची बंदी होती.

"कोणी ऐकत असेल तर," डब्यातून आवाज आला, एकदम पोरासारखा, "कोणीतरी टॅमीला सांगा. प्लीज."

किटली खाली ठेवायला तिला किती वेळ लागला ते तिलाच माहीत. फोनजवळ गेली. मग नंबर फिरवला. तो तिला पाठच होता, सगळ्या गावाचे पाठ होते.

"टॅमी, म्हातारीला गाडीत घाल आणि खालच्या रस्त्यानं नीघ. कपडे बिपडे राहू दे. आत्ताच्या आत्ता."

"ऑड्री?" टॅमी रडायच्या बेतात. "गॅव्हिननं सांगितलं तुला?"

"गॅव्हिननं कुणाचं नाव घेतलं नाही," ऑड्री म्हणाली. "गावातल्या एका बाईनं ऐकलं. तिला हौस आहे."

आणि फोन ठेवला.

खिडकीशी उभी राहून तिनं वाट पाहिली. टॅमीची पांढरी गाडी धुरळा उडवत समोरून गेली, मागच्या सीटवर म्हातारी उशांमध्ये खोचलेली. टॅमीनं हात वर केला. ऑड्रीनं नाही केला.

गाडी वळणाआड गेल्यावर ती फ्रिजकडे वळली, वायर उपटली आणि टोक बरणीत टाकलं. वर बरणीचं झाकण बसेना, वायर मध्ये येत होती, तरी दाबून दाबून बसवायला बघत राहिली. तेवढ्यात फोन वाजायला लागला. मग थांबला. मग परत वाजायला लागला, कानवालीला विचारायला. डब्यावरचा लाल ठिपका पळतच होता.

आभाळात ढग एकही नव्हता.