भातकुलीपुढची गढी आणि रबियाबींची भिंत

रविवारी घरात बसवेना. विवेकने पेपर उघडला तोच मी बाइकची किल्ली त्याच्यापुढे ठेवली. "चल, गढी बघायची."

अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेरा करत भातकुली. हायवे सुरेख, पण भातकुलीनंतर कंबर सांभाळा. स्टँडवर आलूबोंडा-तर्री खाऊन घ्या, दोघांचं शंभराच्या आत भागतं. पुढे काही मिळत नाही.

गढी म्हणजे उंचवट्यावरचं जुन्या जमीनदाराचं तटबंदीचं घर, भोवती खंदक. आपल्याकडे बहुतेक खंदकांचे उकिरडे झालेत. हा शाबूत आहे आणि गढी संरक्षित स्मारक व्हावी म्हणून गावाने ठराव केलाय, असं ऐकलं होतं. पोचलो, तर मुरुमाची ट्रॉली खंदकात रिकामी व्हायला मागे येत होती.

"थांबवा!" मी ओरडलेच.

काठावरच्या घरातून एक बाई आल्या. रबियाबी. "काहून थांबवा? मीच बोलावलं त्याले."

"अहो, खंदक संरक्षित होणार आहे ना?"

"होऊ द्या ना. तवरिक माही भित कोन धरून ठेवीन?"

त्यांनी मला घरामागे नेलं. भिंत खंदकाकडे कलली होती. फटीत माझा हात मनगटापर्यंत गेला. "दरसाल माती सरकते. पोरी इथंच झोपतात माह्या."

मला तिथून निघवेना. विवेकने विचारलं, "सगळा खंदक न भरता नुसता भिंतीचा पाया बांधला तर?"

शेजारचे देवरावभाऊ म्हणाले, "खताचे रिकामे पोते हायेत माह्याकडं. मुरूम भरून रचू."

"नाही टिकलं तं अख्खा भरीन," रबियाबी म्हणाल्या. "मंग मले कोनी अडवाचं नाही."

"हाव," देवरावभाऊ म्हणाले.

उन्हं कलेपर्यंत आम्ही पोती भरली, रचली. रबियाबींनी भाकरी आणि ठेचा वाढला. गढीवर चढलो ते घाईतच. तुम्ही मात्र सकाळी जा, आणि काठावरच्या घरांना विचारून जा.

फोटो बरे आलेत. पण मी ते बघत नाही. हात त्या फटीत आहे असंच वाटत राहतं. परवा इथे दिवसभर पाऊस लागला. संध्याकाळी न राहवून फोन केला.

"रबियाबी, खंदक कसा आहे?"

"बाई, पहिले माह्या भितीचं तं इचारा."

मी ओशाळून विचारलं.

"उभी हाये," त्या म्हणाल्या. "पन पोते फुगून राहिले."