कापडावरचा तालुका

जुने नकाशे गोळा करायचं वेड आमच्या शाळेत मीच आणलं. भूगोल शिकवायचो, त्यामुळे मला ते शोभतही होतं. जुन्या ॲटलासचा कागद कसा ओळखायचा, रंग छापलेले की हाताने भरलेले, हे सगळं मी विज्ञानाच्या सरांना शिकवलं. आम्ही शेजारी-शेजारी राहायचो. तीन वर्षं शिकवलं, आणि गृहस्थ माझ्याच डोक्यावर बसले!

झालं असं की एकाहत्तर साली एका बाजारच्या दिवशी मी सहामाहीचे पेपर तपासत घरी अडकलो आणि हे एकटेच काष्टीला गेले. तिथे एका भंगारवाल्याने जुन्या कुलपांखाली अंथरलेलं कापड त्यांनी उचलून आणलं. ते कापड म्हणजे हाताने काढलेला आमचा तालुका. भीमा, घोड, आमराया हिरव्या, विहिरींचे निळे ठिपके. दौंड-मनमाड रेल्वेचा पत्ताच नव्हता, म्हणजे रूळ पडायच्या आधीचा. माझ्याकडे सहा जुने ॲटलास होते, पण सगळे छापील. त्यांच्या प्रती जगात कुठे ना कुठे असणारच. हा मात्र एकच.

मी तोंडाने वा वा म्हणालो. आठ दिवस अन्न गोड लागलं नाही, बायकोवर उगाच खेकसलो. त्यात हेडमास्तरांनी तो नकाशा चार दिवस शाळेच्या हॉलमध्ये लावून सरांचं कौतुक केलं. मी शिकवलं हे कुणाच्या तोंडून निघेल तर शपथ. सरांनी सांगायला हवं होतं, तेही विसरले. हे मात्र मी विसरलो नाही.

तेव्हा घरोघरी एक रीत होती. बांधकाम खात्यातलं कुणी ओळखीचं असलं की त्याच्याकडून रद्दीतलं नकाशाचं कापड आणायचं. त्याला खळ असायची. सोड्यात उकळलं की खळ आणि शाई दोन्ही जायची, आणि आत मलमलीसारखं मऊ कापड निघायचं. माझे रुमाल त्याचेच होते.

पुढे सरांना मुलगा झाला. बारशाच्या आधी सर परीक्षेच्या कामाला नगरला गेले असताना त्यांची आई आमच्या ओट्यावर आली. हातात सरांच्या त्या नकाशाची गुंडाळी. बाळाला झबली शिवायची होती.

"गुर्जी, ह्ये धुतलं तर मऊ निघंल का वो?"

मी गुंडाळी ओळखली. एक शब्द पुरला असता. त्या माउलीला अक्षर येत नव्हतं, म्हणून तर ती विचारायला आली होती.

"निघेल की," मी म्हणालो, आणि पेपर वाचत बसलो.

दुपारी त्यांच्या अंगणात पातेलं चुलीवर चढलेलं दिसलं. मी घराचं दार लावून घेतलं. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला छान झोप लागली.

सर परतले त्या संध्याकाळी मला त्यांनी बोलावून घेतलं. दोरीवर चार पांढरी झबली वाळत होती. सर त्यांच्याकडे बघत म्हणाले,

"चूक माझीच, सर. तो तुमच्याकडेच ठेवायला हवा होता. हे सगळं तुम्हीच तर शिकवलंत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आई म्हणते, गुर्जींना विचारून धुतलं. मी तिला म्हटलं, सर असं कधीच सांगणार नाहीत. तुझाच काहीतरी घोटाळा झाला असणार."

अजूनही एक शब्द पुरला असता.

"वय झालंय त्यांचं," मी म्हणालो.

आई दारातच उभ्या होत्या, बाळाला खांद्यावर घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मुलाला म्हणाल्या, "व्हय, माझंच चुकलं आसंल." मग त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा टाकला.