अण्णांचा रिकामा तळहात

उदगीरच्या मोंढ्यात धोंडप्पाअण्णांचं लोखंड-सिमेंटचं दुकान होतं. माणूस उंच, ताठ, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. बोलणं कमी, आणि बोलले की तो हुकूमच. मी भुजंग, जातीचा मराठा, माझी एक मॅटाडोर गाडी होती आणि अण्णांचा माल मी गावोगाव पोचवायचो. मी त्यांच्या पंथातला नव्हतो, तरी त्यांच्यासमोर बिडी पेटवायची माझी टाप नव्हती.

अण्णा लिंगायत. गळ्यात शिवदोरा, त्यात चांदीची डबी, डबीत इष्टलिंग. लिंगायत माणूस ते जन्मभर अंगावेगळं करत नाही आणि तळहातावर घेऊन त्याची पूजा केल्याशिवाय अन्नाला शिवत नाही. बाकीचे लोक सोयीनं थोडी सूट घेतात. अण्णांनी कधी घेतली नाही. लातूरला जाताना चालत्या एसटीत त्यांनी डाव्या तळहातावर लिंग ठेवून पूजा मांडलेली मी पाहिली आहे. कंडक्टर तिकिटं फाडायचं सोडून शेजारी हात जोडून उभा होता.

असा नियमाचा माणूस मला तसा सोसत नाही. पण बहात्तरच्या दुष्काळात अण्णांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. गावाबाहेरच्या शेतात त्यांची विहीर होती. सगळीकडे खडखडाट झाल्यावर त्यांनी ती सगळ्यांना खुली केली. कुणी जातीचा विषय काढला तर म्हणायचे, "पाण्याला कोणती जात असती रे? भर घागर अन् नीघ." त्या विहिरीमुळे अण्णांचा शब्द गावात देवाच्या शब्दाच्या जवळपास जाऊन बसला. पुढचं सगळं त्यातूनच झालं, असं मला वाटतं.

कारण त्याच विहिरीत गुरुबसप्पाचं लिंग गेलं. गुरुबस आम्हा दोघांचा शाळेपासूनचा सोबती, अण्णांपेक्षा वयानं थोडा लहान. दोर, दावी, सुतळी घेऊन मुखेड-देगलूरचे आठवडी बाजार करायचा. पाणी तळाला गेलं, गाळ काढायची वेळ आली, तेव्हा दोर माझा तर आधी मीच उतरणार म्हणून तो खाली गेला. गाळाची पाटी उचलताना शिवदोरा तुटला. तो वर आला तेव्हा त्याचा हात गळ्यावर होता आणि तोंड पांढरंफटक पडलं होतं. आम्ही सगळा गाळ उपसून हातानं चिवडला. डबी काही सापडली नाही.

गावातले अय्या, म्हणजे त्यांचे गुरुजी, दुसऱ्या दिवशी नवं लिंग बांधायला तयार होते. अण्णा मठाचे पंच होते. त्यांनी अय्यांना अडवलं. "लिंग हरवलं म्हंजे जीव हरवला. गेलं की दुसरं बांधलं, हा काय पायातला जोडा हाय? मोठे महाराज मठात येतील, ते ठरवतील." मोठे महाराज यायला वर्षाच्या वर लागलं. तोवर गुरुबसला पंगतीत पान नाही, आणि त्याच्या घरचं पाणी समाजातलं कुणी प्यायचं नाही. पहिले काही दिवस तो उपाशीच होता, मग अय्यांच्या आग्रहानं घरी एकटा बसून कसेबसे दोन घास खाऊ लागला. मी तणतणत दुकानात गेलो आणि अण्णांना तोंडावर म्हणालो, "तुमच्याच विहिरीत गेलं ना त्याचं?" त्यांनी मला चहा पाजला आणि एवढंच म्हणाले, "नेम सगळ्यांला सारखा."

महाराज आले, गुरुबसला लिंग मिळालं, तो पुन्हा पंगतीत बसू लागला. अण्णांशी पहिल्यासारखं बोलायलाही लागला. आम्ही म्हणालो, चला, मिटलं.

पुढे दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादच्या खेपा संपल्या म्हणून उदगीरकर खूश, सरकारी कपाटं-खुर्च्या वाहून माझी मॅटाडोर खूश, आणि नव्या इमारतींना सिमेंट विकून अण्णाही खूश. त्या खुशीत एक दिवस ते म्हणाले, "भुजंग, जन्मभर विहिरीचे तळ बघितले. एकदा समुद्र बघू." गुरुबसला घ्यायचं हेही त्यांनीच ठरवलं.

मॅटाडोरीत मी फळ्या ठोकून झोपायची सोय केली. बायकोच्या जुन्या लुगड्याचे पडदे, स्टो, पाण्याचं पिंप, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आठ दिवस टिकतील इतके धपाटे. सोलापूर-कोल्हापूर करत आम्ही रत्नागिरीला उतरलो आणि तिथून किनारा धरून खाली निघालो. खाडी आली की लांबचा वळसा, वळसा संपला की पुन्हा समुद्र. मन भरलं तिथे थांबायचं, माडाखाली भाकऱ्या थापायच्या. भाकऱ्या मी थापायचो, कारण त्या दोघांना भाकरी फक्त मोडता यायची.

पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा अण्णा कितीतरी वेळ नुसते उभे होते. गुरुबस हळूच म्हणाला, "अण्णा, ह्याचा गाळ कोण काढायचा?" मी खो खो हसलो. अण्णा हसले नाहीत.

मालवणच्या अलीकडे एका वाडीजवळ आम्ही मुक्काम केला. अण्णांना समुद्रस्नान करायचं होतं. जाळं विणत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "आज पाण्याक ओढ आसा. गळ्यातला काय ता काढून ठेवा." अण्णांना ते बोलणं म्हणजे शिवीच वाटली. "ते अंगावेगळं होत नसतं," म्हणाले आणि धोतर खोचून कमरेइतक्या पाण्यात गेले. मोठी लाट आली, अण्णा आडवे झाले, मी धावलो. त्यांना ओढून काढलं तेव्हा ते खोकत होते आणि उपरणं छातीशी घट्ट धरून होते. लागलं काय म्हणून विचारलं, तर नाही म्हणाले. मग पुन्हा पाण्याकडे चालू लागले. मी दंड धरून मागे आणलं, तर लहान मुलासारखे हिसके देत होते. मला वाटलं, माणूस घाबरला आहे.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मासळीचा वास सोसत नाही म्हणाले. पटण्यासारखं होतं, किनाऱ्यावर सुकत घातलेली मासळी मलाही सोसत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या घेऊन ते सुरूच्या झाडामागे पूजेला गेले. रोज गाडीत आमच्या समोर पूजा करणारा माणूस आज झाडामागे का, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. परत आले, भाकरीकडे बघितलं आणि म्हणाले, "वासनाच न्हाई."

आणि त्या दिवसापासून गुरुबसही जेवेना! विचारलं तर "पोट बिघडलंय" म्हणायचा. पोट बिघडलेला माणूस मधूनमधून तरी उठून जातो. हा मात्र ढिम्म. मी स्टोसमोर घाम गाळून भाकऱ्या थापायच्या आणि एकट्यानं गिळायच्या. शेवटी माझं डोकं फिरलं. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि काठवट दाणकन आपटली.

"काय चालवलंय रे तुम्ही दोघांनी? माझ्या हातच्या भाकरीचा विटाळ व्हायलाय का?"

अण्णा खाली बघत होते. ओठ सुकले होते, उपरणं त्या उकाड्यातही गळ्याभोवती घट्ट. गुरुबसनं त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाला, "अण्णा, मी झाडामागं तुमचा तळहात बघितलाव. हातावर काहीच नव्हतं."

अण्णांनी तोंड उपरण्यात लपवलं. ज्या माणसासमोर मी बिडी ओढत नव्हतो, त्याचे खांदे हलताना बघायची माझ्यावर वेळ आली. मलाच लाज वाटली, मी दुसरीकडे बघू लागलो. लिंग गेल्याचं दुःख तर होतंच. पण रिकाम्या हातावर पाणी सोडून, ओठ हलवून, पूजा झाल्याचं सोंग करत ते दोन सकाळी बसले होते, आणि ज्याला त्यांनी सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं त्यानंच ते बघितलं होतं.

"गुरुबस," ते उपरण्याआडून म्हणाले, "उदगीरला सांगू नको. तुझ्या पाया पडतो."

मला संताप आला. भुकेनं मरायला टेकला आहे आणि अजून काळजी गावाची! पण गुरुबस शांत होता. "मी कामून सांगू? उठा, जंगम शोधू. इकडं बी आपली माणसं असतीलच."

"मग तू का उपाशी राहिलास?" मी विचारलं.

"मला ठावं हाय ना ते कसं असतंय," तो म्हणाला. "समोर बसून एकजण खायलाय अन् आपला घास उचलंना. मी खात बसलो असतो तर ह्यांला लई एकटं वाटलं असतं."

दोन गावांत विचारपूस केली तेव्हा खाडीकाठच्या एका वाडीत जंगमाचं घर सापडलं. जंगम म्हणजे त्यांचे गुरुजीच. म्हातारा अंगणात सुपाऱ्या सोलत बसला होता, अंगावर बंडी, डोक्याला पंचा. गुरुबस पुढे होऊन काही सांगणार, तेवढ्यात अण्णांनी त्याला हातानं थांबवलं. "महाराज, माझं लिंग समुद्रात गेलं," ते म्हणाले.

"कधी गेलं?" जंगमानं विचारलं. कळल्यावर तो सुपाऱ्या टाकून चटकन उठला. "आणि तेव्हापासून उपाशी? वेडे की काय तुम्ही! आधी यायचं." बायकोला भात टाकायला सांगून त्यानं अण्णांना विहिरीवर आंघोळीला पाठवलं. मग ओसरीवर पाटावर बसवलं, डब्यातून नवं लिंग काढलं, भस्म लावलं, कानात मंत्र सांगितला आणि शिवदोरा गळ्यात बांधला. एक बिडी ओढायला लागते तेवढ्या वेळात सगळं आटोपलं.

"झालं," जंगम म्हणाला. "पूजा करा आणि जेवायला चला."

अण्णा पाटावरून हलले नाहीत. "एवढंच?"

"मग किती पाहिजे होतं?"

"न्हाई, म्हंजे प्रायश्चित्त... मोठ्या महाराजांचा हुकूम..."

जंगम हसला. "अहो, समुद्र आमच्या दाराशी. दरसाल कुणाचं ना कुणाचं जातं. ज्याचं गेलं तो आधीच अर्धा मेलेला असतो, त्याला ताबडतोब द्यायचं असतं. पेजेनं का होईना, पोट भरून घरी पाठवायचं. लिंग नाही म्हणून माणसाला ताटकळत ठेवील, असा दगड कोण आहे?"

गुरुबस जमिनीचं सारवण बोटानं उकरत होता. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांना गप्प बसता आलं असतं. तो म्हातारा परका, उदगीर शेकडो कोस लांब, आणि गुरुबस तोंड उघडणार नाही हे त्यांना आता पक्कं माहीत होतं.

"मी," अण्णा म्हणाले. "ह्याला मी ठेवलाव. वर्षाच्या वर. माझ्या विहिरीचा गाळ काढताना ह्याचं लिंग गेलं, अय्या बांधायला निघाले तर मीच आडवा झालो."

जंगमानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग उठून आत गेला. मला वाटतं, तो रागावला असता तर अण्णांना बरं वाटलं असतं.

अण्णा पाटावरून उतरले आणि गुरुबसच्या पायांकडे वाकले. त्यानं झटकन पाय मागे घेतले, दोन्ही हातांनी त्यांना धरलं. "नको, अण्णा. तुम्ही वडील. माझ्या मनात आता काही न्हाई, खरंच न्हाई. पंगतीचं मी कवाच सोडून दिलं."

"मग मला एक शिवी तरी दे की रे."

"एकच हाय," गुरुबस म्हणाला. " माझी अव्वा त्याच सालात गेली. आजारात ती रोज मला जवळ बसवायची. म्हणायची, गुरुबस, धोंडप्पा देवमाणूस हाय, सगळ्या गावाला पाणी पाजलं त्यानं, तो उगंच कुणाला असं बाहेर बसवायचा न्हाई. तू कायतरी लई वंगाळ केलास. मी तुझी माय हाय, मला तरी खरं सांग." त्यानं अण्णांचे हात सोडले. "मी शपथा खाल्ल्या, अण्णा. तिनं तुमच्यावर इसवास ठेवला. माझ्यावर न्हाई."

आतून पानं वाढल्याची हाक आली. गुरुबसनं डोळे पुसले, आत जाऊन पानावर बसला आणि जेवू लागला. अण्णाही ओसरीवर पूजा आटोपून त्याच्या शेजारी येऊन बसले. गळ्यात लिंग होतं, पूजा झाली होती, आता कुठल्याच नेमानं त्यांना अडवलं नव्हतं, तरी ते वाढलेल्या भाताकडे नुसते बघत राहिले.