गुरूचा बटाटा

खारघरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून मी गुरू ग्रहाचा पहिला फोटो काढला, तेव्हा सेक्रेटरीने तो ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'बटाटा छान आलाय.' अख्खी सोसायटी हसली. माझी बायकोसुद्धा.

तो बटाटा मी विसरलो नाही. ग्रहांचे फोटो काढायचं तंत्र शिकलो. कॅमेऱ्याचा पिक्सेल जितक्या मायक्रॉनचा, त्याच्या साधारण पाचपट दुर्बिणीचा एफ-रेशो, म्हणजे फोकल लांबी भागिले तोंडाचा व्यास, हवा. त्यापुढे ताणलं तर ग्रह नुसता मोठा आणि अंधुक होतो, बारकावे वाढत नाहीत.

यंदा सेक्रेटरीने भारी दुर्बीण आणली. एफ-रेशो दहा, कॅमेऱ्याचे पिक्सेल दोन मायक्रॉनचे. जोडी आयती जुळलेली. तरी गड्याने मध्ये दुप्पट मोठं करणारं बार्लो भिंग बसवलं, म्हणजे एफ-रेशो थेट वीस. मी शेजारीच उभा होतो. बोलतोय कशाला?

स्क्रीनवर गुरू आला तो केवढा तरी मोठा, पण पाण्यात भिजलेल्या पापडासारखा.

"पट्टे दिसतच नाहीत. काय चुकतंय हो?" आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला अहोजाहो केलं.

मी खिशातून माझं तिप्पटवालं बार्लो काढलं आणि प्रेमाने त्याच्या हातात ठेवलं. म्हटलं, "अजून मोठा करून बघा."