तीन हातांवरची रेघ

भिकू गेल्याचं पत्र आलं, तेव्हा मुंबईच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाला जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला का बसत नाही, हेच समजावत होतो. वाक्य अर्धंच राहिलं... कारण हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला होता तो भिकूनं.

भिकू माझा शाळासोबती. आमच्या कट्टा गावच्या बाजारात त्याचा स्टुडिओ. कंपनीनं कॅमेऱ्याचं तोंड बदललं, आट्यांनी बसवायच्या लेन्सा बाद करून खट्‌कन अडकणाऱ्या आणल्या, तेव्हा मी मोठ्या शहाणपणानं त्याला जुना कॅमेरा विकून नवा घ्यायला लावला. मग कळलं, नव्या तोंडाच्या लेन्सा तीनच निघाल्यात. चेहऱ्याचे फोटो काढायची, त्याची लाडकी, त्यांत नाहीच. मी शरमलो. तो हसून म्हणाला, "अरे, पानात आधी भात वाढतत, सोलकढी मागसून. कंपनी पण तसाच करतली."

पण नेमकी त्याच चैत्रात गावी माझी आई अंथरुणाला खिळली. फोटोनं आयुष्य उणं होतं, असं मानून तिनं जन्मभर एकही काढू दिला नव्हता. आता स्वतःच म्हणाली, "भिकूक बोलाव. काढूंदे एकदा." आणि माझ्या सल्ल्यापायी त्याच्याकडे उरलेली ती जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसेना! मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

भिकू जुनी लेन्स घेऊन थेट सोनाराकडे जाऊन बसला. दोन दिवस घासून पितळेची एक कडी करवून घेतली. एका बाजूला आटे, दुसरीकडे अडकवायच्या खाचा. लेन्स बसली, पण कडीच्या जाडीनं पुढे सरकली, आणि साडेतीन हातांपलीकडचं सगळं धूसर झालं. "दर्या दिसणा नाय," तो म्हणाला, "माणूस दिसता. माका बास झाला." तीन हातांवर बसून त्यानं आईला हाक मारली, "काकी, माका बघ गो." ती हसली. पंधरवड्यानं गेली. ते हसू आज आमच्या भिंतीवर आहे, ते भिकूमुळे.

पुढे कंपनीची चेहऱ्याची लेन्स निघाली, मी नेऊन दिली. त्यानं ती लग्नांना वापरली. एकट्या माणसाचा फोटो मात्र कडीवरच. स्टूल चुकू नये म्हणून जमिनीवर तांबडी रेघ ओढून ठेवली होती. मी गेलो की म्हणायचा, "बस रे, तुझो फोटो काढतंय." माझं उत्तर ठरलेलं, "पुढच्या खेपेला."

गेल्या आठवड्यात भिकूच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. स्टुडिओ तसाच होता; कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर, पितळी कडीसकट. मी स्टूल रेघेवर ओढलं आणि बसलो. केस सारखे केले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि समोर बघत राहिलो... वहिनी चहा घेऊन आल्या, तरी मला उठवेना.