आधी उभ्यांचं माप

"कावं, हा डाक्टर शिंप्याघरचा हाये का?" शेजारच्या खाटेवरच्या बाईने नणंदेला हळूच विचारलं.

डॉक्टर तेव्हा एका बेशुद्ध मुलीच्या दंडाभोवती कापड मोजायची फीत गुंडाळत होते. वाकल्या वाकल्याच म्हणाले, "नाही वं माय. शिंपी बरा. उरलेला कपडा परत तरी देते."

वाशिमच्या त्या लहान दवाखान्यात मी नुकतीच लागले होते. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. इंग्रजी शाळेत वाढलेली मी, नागपूरला गृहविज्ञान शिकून आलेली, आणि चार माणसांत तोंड न उघडणारी. ज्यांना नाकातल्या नळीतून अन्न द्यावं लागे, त्यांच्यासाठी दूध, अंडं, साखर, तेल एकत्र घोटून देणं हे माझं काम. ते अंगी लागतंय का, हे डॉक्टर पाहत.

निपचित पडलेल्या रोग्याला काट्यावर उभं करता येत नाही. म्हणून डॉक्टर खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पेनाने ठिपका देत आणि रोज तिथेच माप घेत. मग दंडामागची कातडी चिमट्यात धरून चरबीची जाडी बघत, आणि ती हिशेबातून वजा करत.

"उरलं ते मांस," ते सांगत. "अन्न पुरलं नाही का शरीर स्वतःलेच खाते, बाई. मंग ताप उतरून काय फायदा? खोकायले तरी ताकद पायजे ना?"

आकडा वाचायचं काम माझं. मी पुटपुटायची. डॉक्टर कान पुढे करत. "एवढा आवाज वाचवून ठेवता कुठं? गहू हाये का कोठीत भरायले?" सगळा वॉर्ड हसायचा. मी फितीकडे बघत राहायची.

डॉक्टर जवळच्याच रिठद गावचे. वॉर्डात वऱ्हाडीच बोलत. इंग्रजी फक्त औषधाच्या चिठ्ठीवर, तीही वाचता येऊ नये अशी. रोग्याच्या अंगावरून पलीकडच्या नातेवाइकांशी बोलणारे डॉक्टर तुम्हीही पाहिले असतील. हे तसे नव्हते. थंडीचे दिवस होते, तर फीत आधी स्वतःच्या मुठीत धरून गरम करत. मग त्या बेशुद्ध मुलीलाच विचारत, "हात देतं का वं जरासा?" आणि हात हाती घेतला की गावची खबर सांगत. "तूर कापून झाली म्हणते तुया बाप. तुयासाठी शेंगा ठेवल्या हायेत."

ती मुलगी कामरगावची. नुकतंच लग्न झालेली. मेंदूज्वराने पडली होती. सोबत तिचे वडील होते. पहिल्या दिवशी फीत बघताच ते खाटेपुढे आडवे उभे राहिले.

"डाक्टरसाब, आमच्यात निजल्या माणसाचं माप घेत नाहीत. ते एकदाच घेतात. तिरडीचा बांबू तोडाच्या आधी."

मला वाटलं, डॉक्टर समजूत घालतील, नाहीतर चिडतील. त्यांनी स्वतःची बाही वर केली आणि फीत वडिलांच्या हातात दिली. "घ्या. आधी माह्यं."

वडिलांनी घाबरत घाबरत डॉक्टरांचा दंड मोजला. मग डॉक्टरांनी त्यांचा. "काय हात हाये का बैलाची मान!" डॉक्टर ओरडले, तसे वडील नको नको म्हणत हसले. त्यानंतरच लेकीचा हात पुढे आला. तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली: आधी उभ्यांचं माप, मग निजलेल्यांचं.

पण भीती अशी एका दिवसात जात नाही. मुलीचा दंड रोज थोडा थोडा उतरत होता, आणि वडील फितीकडे न बघता डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत. डॉक्टरांनी माझ्याकडून नळीतलं अन्न दोनदा वाढवून घेतलं.

डॉक्टर आज नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला एक सकाळ आठवते, आणि त्या सकाळी ते वॉर्डात नव्हतेच. वाशिमजवळच्या मालेगावच्या रस्त्यावर बस उलटली होती. ते तिकडे धावले होते. जाताना म्हणाले, "आज तुमी घ्या माप."

मी वडिलांचा दंड मोजला. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मग लेकीचा. आकडा कालचाच आला. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजलं. चिमटा लावला, पुन्हा मोजलं. कमी झालंच नव्हतं. डोळे भरून आले आणि माझ्या सवयीने मी ते खाली घातले.

नळीचं अन्न घोटून परत आले तेव्हा वडील खाटेजवळ नव्हते. वळकटी गुंडाळलेली होती. खिडकीतून पाहिलं, तर फाटकाशी जीप उभी, आणि ते मागच्या बाकावर घोंगडी अंथरत होते. माझे भरलेले डोळे पाहून त्यांनी आशा सोडली होती; लेक घरी जाऊन मरावी, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. नळी काढून त्या थंडीत कामरगावपर्यंत ती टिकली नसती.

मी पायऱ्या उतरून धावले. सगळा रस्ता थांबून बघत होता. माझा तो आवाज मीही आधी कधी ऐकला नव्हता.

"बाबा, नेऊ नका तिले! आज कमी नाही झालं! तुमची लेक अंग धरून राह्यली!"